खिडकीतली बाई

आमच्या घराच्या कहाणीतलं हे प्रकरण मी लिहिणारच नव्हतो. आजोबांचं झालं, क्लास कसा निघाला ते झालं, बाबा भांडून दुसऱ्या गावी का गेले तेही झालं. त्या सगळ्यात मी एकतर जन्मलो नव्हतो किंवा दुपट्यात होतो, त्यामुळे लिहिताना हात मोकळा होता. इथे मात्र मी स्वतः आहे, आणि आहे तो भर वर्गात पायजम्याची नाडी सुटल्यासारखा. शिवाय आत्याने बजावलंय, "लिहायचं तर खरं लिही, नाहीतर पुरून टाक." पुरणं सोपं होतं. पण खड्डा कोण खणणार? टाईप करणं कमी कष्टाचं.

आधी घरचा नियम सांगतो, कारण सगळा घोळ त्यानेच झाला. आमच्या घरात कुणाशी फाटलं की आधी त्याचं नाव जातं. माणूस राहतो, नाव जातं. बाबा तिकडे जाऊन पोस्टात लागले, तेव्हापासून काका त्यांना 'पोस्टातला' म्हणतात, आणि माझ्यासमोर म्हणतात. समोरच्या बिल्डिंगमध्ये काचेच्या दारांचा नवा इंग्रजी क्लास निघाला, तो 'समोरचे'. आणि आत्याचा नवरा, जो मी चार वर्षांचा असताना गेला, तो 'तो प्रकार'. गेला म्हणजे मेला नाही. बॅग घेऊन गेला. मग सगळ्या फोटोंतून त्याला कातरीने कापलं. एका फोटोत नेम चुकला, आत्याच्या खांद्यावर नुसता हात राहिला, मालकाशिवाय. लहानपणी मला तो हात भुताचा वाटायचा. विचारलं तर आजी म्हणायची, "प्रकार आहे तो. दूध पी."

तर क्लास. खालच्या मजल्यावर आम्ही राहतो, वर दोन खोल्यांत परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवतो. कुणी कामासाठी आलेला, कुणी शिकायला, कुणी घरच्या देशात राहता येईना म्हणून. काका मालक. आत्या खरी शिक्षिका. मी बारावीनंतर कॉलेज सोडलं, इंग्रजी सिनेमे बघून आणि शब्दकोश चावून शिकलो, म्हणून काका मला 'स्वयंभू' म्हणतात. कौतुक नाही ते.

काका शिकवतात आजोबांनी लिहिलेल्या पुस्तकातून. घरात त्याला 'ग्रंथ' म्हणतात. त्यात एक साहेब आहेत. साहेबांचा कुत्रा आहे. पहिल्या धड्यात साहेबांची छत्री हरवते आणि साहेब ती शेवटच्या धड्यापर्यंत शोधत राहतात. पोरं ग्रंथ संपवून बाहेर पडतात तेव्हा त्यांना 'माझा सेवक छत्रीबाबत अनभिज्ञ आहे' हे अस्खलित म्हणता येतं, पण घरमालकाला 'नळ गळतोय' म्हणता येत नाही.

आणि मला खरं काय खुपायचं ते सांगू? आमच्याकडे एक नर्सबाई आहेत. त्यांच्या देशात अख्खा वॉर्ड सांभाळायच्या, डॉक्टरांना झापायच्या. आमच्या वर्गात आल्या की पाच वर्षांच्या होतात. "मला. पाणी. हवं." एवढा मोठा माणूस एवढ्याशा वाक्यात कोंबायचा आणि वर आपण म्हणायचं, 'शाब्बास!' त्या 'शाब्बास'ची मला लाज वाटायची. इंग्रजी त्यांचं नाही, माझंही नाही. दोघं मिळून शेजाऱ्याची शिडी उसनी आणल्यासारखं, तो परत मागायच्या आत चढायचं.

एके दिवशी मागच्या बाकावरच्या खलाशाने विचारलं, "तुमच्या गावात कोण लिहितं?" खलाशी वीस वर्षं बोटींवर होता, माझ्यापेक्षा कितीतरी मोठा, पण आता माझा दोस्त. आमच्याच गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहतो.

मी म्हटलं, "पुष्कळ जण."

"एकाचं सांग."

मला एकही येईना. जन्म इथला, मिसरूड इथलं, आणि गावातला एक लेखक माहीत नाही. साहेबांची छत्री मात्र पाठ.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाल्याला विचारलं. त्याने मशीनखालून एक पुस्तक ओढलं, मशीन एका बाजूला कललं. "हे घे. लेखक लोक माझ्याकडेच छापतात, मग न्यायला येत नाहीत. आत गठ्ठे आहेत. फुकट ने, पण मशीनखालचं परत आण."

आत खजिना होता. जनावरांच्या डॉक्टरने लिहिलेल्या प्रेमकविता. एका सुईणीच्या आठवणी, ज्यात अर्ध्या गावाचं जन्माला येतानाचं वागणं होतं. कर खात्यातल्या कारकुनाच्या चार रहस्यकथा, सगळ्यांत खुनी त्याचा साहेब. आणि एका विमा एजंटचा कथासंग्रह. मागे फोटो नाही, फक्त फोन नंबर आणि 'आयुर्विम्यासाठीही संपर्क साधा'. हे सगळे माझ्याच रस्त्यांवरून फिरत होते, माझ्याच दुकानात पाव घेत होते, आणि घरी जाऊन चोरून लिहीत होते.

मग मी वाचनाचा तास सुरू केला. पद्धत अशी: मी आपल्या भाषेतली गोष्ट माझ्या मोडक्या इंग्रजीत उतरवायची, आत्या लाल पेनाने दुरुस्त करणार, मग कागद वर्गात वाटायचे आणि त्यावर मारामारी करायची. मारामारी खरंच व्हायची. सुईणीच्या आठवणींवर नर्सबाई वीस मिनिटं बोलल्या, हात उडवत, काळांची वाट लावत. त्या दिवशी त्या पाच वर्षांच्या नव्हत्या.

सगळ्यात जास्त भांडण झालं विमावाल्याच्या एका गोष्टीवरून. नवराबायकोचं पटत नाही, नवरा संध्याकाळी बॅग घेऊन निघतो, कोपऱ्यावर वळून बघतो तर बायको वरच्या खिडकीत उभी. दिवा न लावता. शेवटचं वाक्य: 'ती अजून तिथेच उभी आहे.'

"अजून?" नर्सबाई म्हणाल्या. "जेवत नाही? कामाला जात नाही?"

वर्गाने मतदान करून शेवट खोटा ठरवला. आत्याच्या हातून कागद परत आले तेव्हा सगळीकडे लाल खुणा होत्या, फक्त शेवटचा परिच्छेद कोरा. मला वाटलं, आपलं इंग्रजी सुधारलं. ती म्हणाली, "शेवट बदलायचा हक्क आपल्याला नाही. पण लेखक जिवंत आहे ना? बोलव. तोंडावर विचारा."

काकांच्या कानावर गेलंच. "लोक पैसे देतात ते इंग्रजीसाठी! हे गावठी वाङ्मय कशाला? समोरचे हसतील."

"काका, पोरं बोलायला लागलीत."

"बोलतात ते चुकीचं बोलतात! ग्रंथात चूक होते का कधी?"

"ग्रंथात बोलतच नाही कुणी. छत्री शोधतात."

झालं. काका काही क्षण नुसतं नाकाने बोलले. मग निकाल दिला: शनिवारी चार वाजता तुझा लेखक आण. सगळे विद्यार्थी, सगळं घर समोर बसेल. नीट झालं तर तुझा तास राहील. तमाशा झाला तर तास बंद, आणि सोमवारपासून स्वयंभूंनी काकूच्या भावाच्या फरशीच्या दुकानात बसायचं. मला फरशीत रस नाही. फरशीलाही माझ्यात नसावा.

मी विमावाल्याला फोन केला. क्लासचं सांगितलं, गोष्टीचं सांगितलं, खूष झाला. मग पत्ता सांगितला.  मी तीनदा हॅलो केलं.

"कोणी बोलवायला सांगितलं?" त्याने विचारलं.

"आमच्या आत्याने," मी खरं तेच सांगितलं.

"येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आता सुज्ञांना कळलं असेल. मी सुज्ञ नव्हतो. मला नाव कुणी सांगितलंच नव्हतं हो!

*

शनिवारी तो चारच्या आधीच आला. केस काळेकुळकुळीत रंगवलेले, शर्टाला कडक इस्त्री, एका हातात पुस्तकं, दुसऱ्या हातात पॉलिसीची पत्रकं. मी त्याला घेऊन खालच्या खोलीतून वर चाललो होतो. आजी दारातल्या खुर्चीवर बसली होती. तिने मान वर केली, चष्मा नाकावर नीट केला आणि म्हणाली, "केस रंगवलेत."

तो वाकून म्हणाला, "नमस्कार आई."

मला वाटलं, काय संस्कारी लेखक आहे.

मागून कप फुटल्याचा आवाज आला. काकू. तिच्या मागे काका. काकांचं तोंड असं झालं होतं की साहेबांची छत्री त्यांच्या पोटातून निघाली असावी. पाहुण्याला वर बसवून मी खाली आलो तर तिघं स्वयंपाकघरात दार लोटून उभे.

"लाईट घालवा," काका म्हणाले. "लाईट गेली म्हणून सांगा, कार्यक्रम रद्द."

"दुपारचे चार वाजलेत," काकू म्हणाली. "लाईट घालवलीत म्हणून सूर्य जाणार आहे का?"

"काका, पण झालं काय? कोण आहेत हे?"

"तो प्रकार आहे!"

"कुठला प्रकार?"

"अरे गाढवा," काकू कळवळून म्हणाली, "फोटोतला हात!"

मी ओट्याला धरलं. लहानपणीचं भूत वरच्या खोलीत बसून पॉलिसीची पत्रकं वाटत होतं.

"एवढ्या रद्दीतून तुला हेच पुस्तक मिळालं?" काका ओरडले, पण कुजबुजत. "कव्हरवर नाव होतं ना ढळढळीत!"

"नाव तुम्ही कधी सांगितलंत? 'प्रकार' असं छापलं असतं तर ओळखलं असतं!"

"पोरगं बरोबर बोलतंय," आजी म्हणाली.

"आई, तू गप्प."

"मी कशाला गप्प? मी त्याची सासू आहे. माजी."

आत्या घरात नव्हती. दोन नव्या विद्यार्थ्यांना घेऊन राहण्याच्या परवान्याच्या कचेरीत गेली होती, साडेचारपर्यंत येणार होती. काकांनी घड्याळाकडे बघितलं. "ती यायच्या आत त्याला पिटाळायचा. तिला कळता कामा नये. स्वयंभू, वर जा, सांग की..."

"काही सांगायचं नाही," काकू म्हणाली.

मी काकूला आयुष्यात कधी काकांचं वाक्य तोडताना बघितलं नव्हतं. काकांनीही नसावं.

त्या वेळी कुणाच्या डोक्यात काय होतं ते मी नंतर एकेकाला गाठून विचारलं. काकूने भाजी निवडताना सांगितलं. म्हणाली, "मी नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा सगळे मला घर दाखवत होते. ही मोरी, हा माळा, इथे हात लावायचा नाही. तो एकटा म्हणाला, 'आधी बसा तरी.' आणि खुर्ची पुढे केली. नवरा म्हणून तो टाकाऊ होता, मान्य. पण मला खुर्ची त्याने दिली. त्याला मी लाईट गेली म्हणून हाकलू?"

म्हणून ती तिथे म्हणाली, "आलेल्या माणसाला चहा द्यायचा. मग हाकलायचं."

"बिनसाखरेचा दे," आजी म्हणाली. "त्याला गोड लागतो."

म्हणजे आजी काकूच्या बाजूला की काकांच्या, हे कळेना. आजी नेहमी अशीच. मत देते, पण पेटीत टाकत नाही.

"दहा मिनिटं," काका शेवटी म्हणाले. "दहा मिनिटांत वाचायचं आणि निघायचं. आणि स्वयंभू, तमाशा झालेलाच आहे. सोमवारी फरशी."

"अजून कुठे झालाय?" मी म्हणालो. उगाच. आपलं तोंड आपलं ऐकत नाही कधीकधी.

*

वरची खोली भरली होती. खलाशी मागे, नर्सबाई पहिल्या रांगेत हातात कागद घेऊन, पेपर सोडवायला बसल्यासारख्या. काका दाराशी उभे, एक डोळा जिन्याकडे.

विमावाला आपल्या भाषेत वाचत होता, विद्यार्थी इंग्रजी कागदावर बोट ठेवून मागोमाग येत होते. वाचतो चांगलं, हे मान्य करावं लागेल. आवाज मऊ, थांबायचं कुठे ते माहीत. पण थांबला की दाराकडे बघायचा. मला वाटलं, काकांना घाबरलाय. तो काकांना बघतच नव्हता.

काका मात्र त्याला बघत होते. पुढे महिन्याभराने, बोलायचं तेवढं बोलून झाल्यावर, ते एकदा म्हणाले, "तो माझा मित्र होता आधी. मीच आणला होता त्याला घरात. रोज संध्याकाळी बुद्धिबळ. तो गेला त्या दिवशी बहिणीचा नवरा गेला म्हणून सगळे तिच्याभोवती बसले. माझा मित्र गेला, माझ्याभोवती कोण बसलं?" एवढं बोलून ते टाकी भरली का ते बघायला गेले. टाकी भरलेलीच होती.

गोष्ट शेवटाला आली. "'ती अजून तिथेच उभी आहे,'" त्याने पुस्तक मिटलं. टाळ्या नाहीत. नर्सबाईंचा हात वर.

"सर. प्रश्न. बाई का उभी आहे?"

मी भाषांतर करून सांगितलं. तो हसला. "वाट बघतेय. काही बायका आयुष्यभर वाट बघतात. तो त्यांचा..." त्याने शब्द शोधला, "स्वभाव."

मी ते इंग्रजीत सांगितलं. खोलीतून असा आवाज आला की मला भाषांतर चुकलं असं वाटलं. चुकलं नव्हतं.

"माझा नवरा गेला," नर्सबाई म्हणाल्या. एकेक शब्द नीट ठेवत, काळ सांभाळत. "मी खिडकी बंद केली. कारण थंडी होती. मग मी ड्युटीवर गेले. तुम्ही बाईला विचारलं का?"

"गोष्ट आहे ही," तो म्हणाला. त्याची इस्त्री जरा चुरगळली. "कल्पित."

"कल्पित नाहीये," दारातून आवाज आला.

आत्या. खांद्यावर पर्स, मागे ते दोन नवे विद्यार्थी गोंधळलेले. कचेरी लवकर बंद झाली होती म्हणे. काका पुढे झाले, "अगं, तू खाली जा, मी सांगतो तुला."

"दादा, बाजूला हो."

"हा मूर्ख नकळत..."

"हा मूर्ख नकळत. मी कळून. पहिला कागद तपासायला आला तेव्हाच नाव वाचलं मी."

मी म्हणालो, "आत्या! सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर बोलावलं असतंस का? ढुंगणाला पाय लावून पळाला असतास."

खरं होतं.

ती पुढे येऊन माझ्या टेबलाला टेकून उभी राहिली. तो उठला होता. अठरा वर्षांनी नवराबायको समोरासमोर, आणि वीस परदेशी माणसं हातात कागद घेऊन, कुठल्या ओळीवर आलोत ते शोधत होती.

"तू बोलावलंस म्हणून आलो," तो म्हणाला.

"हो. हा शेवट बदलायला. गावात तुझं पुस्तक चौघांनी वाचलंय. झेरॉक्सवाला धरून. पण त्या चौघांना मी खिडकीतली बाई वाटते. भाजी घेताना एक बाई माझा हात दाबते, अगदी दुःखाने. मला वाटायचं हिला सांधेदुखी आहे. मग कळलं, तिने तुझी गोष्ट वाचलीय."

खलाशी मला हळूच म्हणाला, "भाषांतर कर, भाषांतर कर." मी करत होतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वेगवान इंग्रजी मी त्या दिवशी बोललो. काळांची पर्वा केली नाही.

"तू त्या दिवशी गेलास," आत्या म्हणाली, "आणि माझी सातची बॅच होती. मी तोंड धुतलं, वर आले, आणि भूतकाळ शिकवला. तासभर. एकजण 'गेला' शिकत होता, त्याला जमत नव्हतं, मी त्याच्याकडून दहादा म्हणवून घेतलं. मी खिडकीच्या जवळपास नव्हते. तुझी खिडकी घराच्या पुढे आहे, वर्ग मागे आहे. तू या घरात पाच वर्षं राहिलास, तुला एवढं माहीत नाही?"

तो मग अगदी लहान आवाजात म्हणाला, "पण मी बघितलं ना. कोपऱ्यावर तासभर थांबलो होतो. खिडकीत होतं कुणीतरी. हललंच नाही. मला वाटलं, अजून एकदा वर बघितलं तर परत जाईन. म्हणून नाही बघितलं. अठरा वर्षं मी..." तो थांबला. वाचताना थांबत होता तसा नाही. "कोण होतं मग?"



"मी होते," आजी म्हणाली.

ती कधी जिना चढून आली कुणाला कळलं नाही. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर वर आली नव्हती. दारात भिंतीला धरून उभी होती.

"आई, तुम्ही?"

"हो मी. तू जातोस का नक्की ते बघत होते. तू जाईनास! उभा आपला खांबासारखा. म्हटलं, मी हलले तर हा परत येतो की काय. माझे पाय आखडले, पण हलले नाही. तू वळलास, तेव्हा जाऊन झोपले."

मी भाषांतर केलं.  मग मागून खलाशी हसला, बोटीच्या भोंग्यासारखा, आणि मग सगळेच. नर्सबाई डोळे पुसत होत्या. काकू दारात पदर तोंडात धरून हलत होती. आत्या आधी हसली नाही. तिने आजीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि टेबलावर डोकं टेकवून हसायला लागली, इतकी की मला क्षणभर वाटलं रडतेय. थोडं रडतही असेल. मी विचारलं नाही.

तो एकटा हसत नव्हता. माणसाने अठरा वर्षं एखादी बाई खिडकीत उभी करून ठेवावी, तिच्यावर पुस्तक लिहावं, आणि ती सासू निघावी. हे सोपं नाही. मला त्याची दया आली. तेवढ्यात काका पुढे गेले. मला वाटलं, मारतात.

त्यांनी खुर्ची सरकवली. "बस," ते म्हणाले. "पडशील."

तो बसला. काका त्याच्याकडे न बघता म्हणाले, "उंट अजून सरळच चालवतोस का?"

"तुझं लक्ष नसेल तेव्हा," तो म्हणाला.

आत्याने पुस्तक उचललं, त्याच्यापुढे उघडलं, शेवटचं पान काढलं आणि पर्समधला लाल पेन दिला. "लिही. जे काय झालं ते. इथे बसून."

"सगळ्यांसमोर?"

"छापलंस सगळ्यांसमोर."

त्याने लिहिलं. अक्षर वाईट होतं. 'ती अजून तिथेच उभी आहे' वर काट मारली, खाली एक ओळ लिहिली आणि वाचून दाखवली: 'खिडकीत त्याची सासू होती. बायको तासाला गेली होती.'

आत्याने ऐकलं, मान हलवली. "चालेल." मग माझ्याकडे वळून, "याचं इंग्रजी कर. सोमवारी वर्गाला दे." आणि ती नव्या विद्यार्थ्यांचे अर्ज घेऊन मागच्या खोलीत गेली. एकदाही वळून बघितलं नाही. तो दाराकडे बघत राहिला. या वेळी तरी खोली बरोबर होती.

*

आत्या सोमवारी म्हणाली म्हणजे तास आहे, असं मी धरून चाललो. काकांनी मला जिन्यात गाठलं. "तमाशा झाला," ते म्हणाले.

"झाला."

"ठरलं होतं काय आपलं?"

मागून आजी म्हणाली, "पुढच्या शनिवारी कोण येतंय रे? तो जनावरांचा डॉक्टर आण. कविता करतो म्हणे."

"आई, तू मधे पडू नको."

"मी पुन्हा जिना चढणार आहे. माझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवा."

काकांनी वर बघितलं, वर्गातून नर्सबाईंचा आवाज येत होता. त्या विमावाल्याला स्वतःच्या नवऱ्याची गोष्ट सांगत होत्या, न थांबता, आणि तो पत्रकाच्या मागे लिहून घेत होता. काका बराच वेळ ऐकत राहिले. ग्रंथ शिकवून इतकी वर्षं झाली, त्यांच्या वर्गातून असा आवाज आला नव्हता. ते मला कधी सांगणार नाहीत, पण तोंडावर दिसत होतं.

"तास ठेव," ते म्हणाले. "फरशी नंतर बघू. पण एक अट. आपल्या घरातलं काही नको. गावातलं कुणाचंही वाच, सुईण वाच, गाय वाच. या घरातल्या माणसाबद्दल एक ओळ जरी वर्गात वाचलीस ना, तर त्याच दिवशी तास बंद. कळलं?"

"कळलं."

"शपथ घे."

मी घेतली. स्वस्त वाटली.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. खलाशी कठड्याला टेकून बसला होता, नेहमीसारखा, पण गप्प. मला वाटलं घरची आठवण आली असेल. म्हटलं, "काय रे, आज मजा आली ना? आता पुढचा लेखक शोधायला हवा. गावातला."

"मी तीन वर्षं इथे आहे," तो म्हणाला. "मी गावातला कधी होणार?"

 गठ्ठ्यांत शोधत फिरलो, झेरॉक्सच्या मशीनखाली बघितलं, आणि हा माझ्या डोक्यावर राहत होता.

"लिहितोस?"

"एक लिहिली आहे. इंग्रजीत. चुका आहेत." तो इंग्रजीत बोलत होता आणि त्यातही चुका होत्या, पण मला त्या ऐकू येणं आता बंद झालंय. "वर्गात वाचायची आहे. सगळ्यांसमोर. तसं वाचल्यावर काय होतं ते मी आज बघितलं."

"वाचू की! कशावर आहे?"

तो खाली बघू लागला. "एक माणूस आहे. घरमालक. भाडेकरूला गरम पाणी देत नाही, म्हणतो थंड पाण्याने भाषा सुधारते. बायकोला वाक्य पुरं करू देत नाही. वडिलांचं पुस्तक कवटाळून बसतो. रात्री एकटाच बुद्धिबळाचा पट मांडतो, दोन्ही बाजूंनी खेळतो, आणि हरला की पट उधळतो."

मी विचारलं, "त्यात काका किती आहेत?"

"पूर्ण."

"शेवट?"

"शेवटी भाडेकरू खाली जातो आणि समोर बसतो. काळ्या सोंगट्या घेतो." त्याने कठड्यावर एक बोट पुढे सरकवलं. "हे झालं नाही. मला धीर झाला नाही. पण गोष्टीत होतं."

खाली अंगणात काका विमावाल्याला दारापर्यंत सोडायला आले होते. दोघं फाटकाशी उभे, निघायचं निघायचं म्हणत कुणीच निघत नव्हतं. माझी शपथ अजून ओलीच होती. फरशीचं दुकान तिथून दिसत नाही, पण मला दिसलं.

"नको वाटत असेल तर राहू दे," खलाशी म्हणाला. "तुझा तास जाईल."

"ऐक," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारी, चार वाजता. तू उभा राहून वाचायची, मी एकही चूक दुरुस्त करणार नाही. काका पहिल्या रांगेत असतील, आजीच्या शेजारी. त्यांना खुर्चीला बांधावं लागलं तर बांधेन, पण शेवट ऐकल्याशिवाय उठू देणार नाही. वचन."